पुसणारा हात आणि लिहिणारा हात : हौशी ज्ञानकोशाचा पहारा कोणी करावा?

१/
मध्ययुगीन रशियातील काशिन येथे चांदीची एक प्रचंड खाण होती. १३४४ मध्ये काही शेतकऱ्यांना तिचा शोध लागला. तीस हजार गुलाम आणि दहा हजार मुक्त मजूर तेथे राबत असत. चिनी भाषेतील विकिपीडियावर हा सारा वृत्तान्त तळटिपांसह, सविस्तर वाचावयास मिळत असे. त्यात उणीव एकच होती : अशी खाण काशिन येथे कधी नव्हतीच.

२/
जून २०२२ मध्ये एक चिनी कादंबरीकार आपल्या लेखनासाठी संदर्भ धुंडाळत या लेखापर्यंत पोहोचला. वर्णनाने तो प्रथम हरखला. मग मूळ साधने पाहावीत म्हणून रशियन जाणणाऱ्यांकडे त्याने चौकशी केली, तेव्हा तळटिपांतील काही पुस्तके आणि त्यांतील पाने अस्तित्वातच नसल्याचे आढळले. धागा ओढताच वस्त्र उसवत गेले. एकाच सदस्याने सुमारे दशकभर खपून रचलेले तब्बल २०६ लेख संशयास्पद ठरले. त्यांत लढाया होत्या, उठाव होते, राजकन्या होत्या, तह होते. काही लेखांची इतर भाषांत भाषांतरेही झाली होती.

३/
या सदस्याने स्वतःची ओळख मॉस्कोतील विद्यापीठात जागतिक इतिहासाची डॉक्टरेट मिळविलेली विदुषी अशी करून दिली होती. प्रत्यक्षात तिचे शिक्षण शालेय पातळीपुरतेच होते आणि परकीय भाषा तिला अवगत नव्हत्या. आपल्या माफीपत्रात तिने जे सांगितले ते प्रत्येक इतिहासप्रेमीने ध्यानात घ्यावे असे आहे. विद्वत्तापूर्ण लेखन तिला भाषांतराच्या यंत्रातून वाचावे लागे. जेथे अर्थ लागत नसे तेथे तिने कल्पनेने दुवे जोडले. मग त्या दुव्यांना आधार हवा म्हणून पुढचे दुवे. एक खोटे उभे ठेवण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे. जोडीला तिने आणखी काही खाती उघडली आणि ती खाती परस्परांना दुजोरा देत राहिली.

४/
येथे थोडे थांबावयास हवे. मराठीत गडकोट, नाणी, मोडी कागदपत्रे, शिलालेख, वीरगळ अशा विषयांत रमणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना आज ना उद्या वाटतेच की, विखुरलेली माहिती एका जागी आणणारा, सर्वांनी मिळून लिहिण्याचा एक कोश उभारावा. कल्पना उत्तम आहे. समाजमाध्यमांवरील गटांत टाकलेली माहिती वाहत्या पाण्यासारखी निघून जाते. काल कोणी काय दाखवून दिले हे परवा कोणाला सापडत नाही. कोशात ती साचते. पण साचलेल्या पाण्याला राखणदार लागतो, आणि राखण म्हणजे काय याविषयी बहुतेकांची समजूत चुकीची असते.

५/
ती समजूत अशी : शत्रू म्हणजे उत्पात करणारा. पान कोरे करणारा, शिव्या लिहिणारा, आपल्या मित्राचे नाव पेशव्यांच्या वंशावळीत घुसविणारा. वस्तुतः हा प्राणी फारसा धोकादायक नाही. त्याचे काम चटकन दिसते आणि एका कळीसरशी उलटविता येते. काशिनची खाण खणणाऱ्या सदस्याने कोणाला शिवी दिली नाही. तिची भाषा सौजन्याची होती, मांडणी नेटकी होती, चिकाटी अपार होती. पहारेकरी दरवाजावर उभे होते आणि चोरी माजघरात चालली होती.

६/
मुळात विकी ही कल्पना कोठून आली? वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी असे पहिले संकेतस्थळ सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलू विमानतळावरील बसगाडीचे हे नाव त्याने उचलले. त्याचे स्थळ होते आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या एका छोट्या मंडळीसाठी. म्हणजे विश्वकोशाच्या आधी विकी जन्मला तो समानशील लोकांच्या गप्पांतून. त्यातील ‘अलीकडील बदल’ हे पान म्हणजे गावाची चावडीच : कोण आले, कोणी काय बदलले, हे सर्वांसमोर.

७/
विश्वकोशाची गोष्ट नंतरची, आणि ती अपयशाने सुरू होते. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० मध्ये ‘न्यूपीडिया’ काढला. त्यात प्रत्येक लेखाला सात टप्प्यांच्या परीक्षणातून जावे लागे. परिणामी पहिल्या वर्षात दोन डझन लेखही पूर्ण झाले नाहीत. मदतनीस म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू करण्यात आला आणि पाहता पाहता त्याने धन्यालाच मागे टाकले. मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये आला.

८/
न्यूपीडियाच्या अनुभवावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की दार सताड उघडे ठेवले म्हणजे झाले. त्यांच्यासाठी जॉन सिगेनथेलर यांचे उदाहरण पुरेसे आहे. हे ज्येष्ठ अमेरिकी पत्रकार एकेकाळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते. मे २००५ मध्ये एका अनामिकाने विकिपीडियावर लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांत सिगेनथेलर यांचा हात असल्याचा संशय होता. हे धादांत असत्य सुमारे चार महिने तसेच राहिले. सिगेनथेलर यांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात लेख लिहून वाचा फोडली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवे लेख सुरू करण्यास मनाई केली.

९/
मनाई योग्यच होती, पण तिने रोगाचे मूळ हलले नाही. काशिनची खाण नोंदणीकृत सदस्यानेच खणली, हे लक्षात घ्यावे. प्रश्न दार उघडे की बंद हा नसून आत आलेल्या प्रत्येक वाक्यामागे कागद आहे की नाही, हा आहे.

१०/
आणि ही शिस्त संगणकाहून जुनी आहे. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी सामान्य वाचकांना आवाहन केले. त्या वाचकांकडून शब्दाचा अर्थ मागविला गेला नव्हता. मागविली होती ती एक चिठ्ठी : शब्द, तो ज्यात आला ते वाक्य, लेखक, ग्रंथ, वर्ष, पृष्ठ. अशा लक्षावधी चिठ्ठ्या आल्या. पाठविणाऱ्यांत शिक्षक होते, पाद्री होते, गृहिणी होत्या, आणि वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त असलेला एक शस्त्रवैद्यही होता. त्याच्या चिठ्ठ्या उत्कृष्ट ठरल्या. चिठ्ठी तपासता येत होती, म्हणून चिठ्ठी पाठविणाऱ्याची पत पाहण्याचे कारणच उरले नाही.

११/
महाराष्ट्रातही हाच संस्कार होता. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे ही मालिका २२ खंडांपर्यंत गेली. नावातच भूमिका आहे : आधी साधने, मग इतिहास. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा तेथे जमणाऱ्यांपैकी इतिहासाच्या प्राध्यापकीवर पोट असलेले थोडेच. तेथील सभांत निबंध वाचावा, उपस्थितांनी आक्षेप घ्यावा, आणि ते सारे वृत्तात छापले जावे. आज विकीच्या प्रत्येक लेखामागे ‘चर्चा पान’ असते. त्याचे हे पूर्वजच म्हणावयास हरकत नाही. फक्त तेथे वाद घालण्यासाठी पगडी सांभाळत पायऱ्या चढाव्या लागत.

१२/
शिवजन्माच्या तारखेचा वाद हे या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण. प्रचलित समजूत होती वैशाख, शके १५४९, म्हणजे १६२७. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यात निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला पुष्टी दिली. तरी शासनदरबारी या तारखेवर शिक्कामोर्तब व्हायला आणखी आठ दशकांहून अधिक काळ गेला.

१३/
समजा, या वादाच्या ऐन भरात विकी असता तर? एका बाजूने १६२७ लिहिले असते, दुसऱ्याने पुसून १६३०, पहिल्याने पुन्हा १६२७. यालाच संपादन-युद्ध म्हणतात. इंग्रजी विकिपीडियाने २००४ मध्ये यावर एक सोपा उपाय काढला : चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवू नये, मग स्वतःची बाजू कितीही खरी असो. शेवटचे सहा शब्द महत्त्वाचे. हा नियम सत्य ठरवीत नाही, तो हात आवरतो. सत्य चर्चा पानावर ठरावे.

१४/
(आणि हो, १९ फेब्रुवारी ही ज्युलियन गणनेची तारीख आहे, ग्रेगरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. गडकोटांच्या वा लढायांच्या कोशात दिनांक कोणत्या गणनेने द्यावयाचा हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवले नाही, तर ‘चूक’ दुरुस्त करणारे सद्भावी लोक दहा दहा दिवस मागेपुढे करीत राहतात आणि दोन वर्षांनी कोणती तारीख कोणत्या पद्धतीची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.)

१५/
साधनांच्या तारतम्याबाबत इतिहासप्रेमींनी एका अनपेक्षित गुरूकडे पाहावे : काल्पनिक विश्वांच्या चाहत्यांकडे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी २००३ मध्ये ‘मेमरी अल्फा’ हा विकी काढला. मालिका आणि चित्रपटांत प्रत्यक्ष दिसले तेवढेच प्रमाण, असा त्यांचा कडक नियम. कादंबऱ्यांतील मजकुरासाठी निराळा विकी झाला. ‘स्टार वॉर्स’वाल्यांचा ‘वूकीपीडिया’ २००५ चा. एप्रिल २०१४ मध्ये चित्रपटांच्या मालक कंपनीने जाहीर केले की आजवरच्या कादंबऱ्या-चित्रकथांतील बहुतेक कथानक यापुढे अधिकृत नाही, त्या निव्वळ ‘आख्यायिका’ समजाव्यात.

१६/
सत्तेने इतिहास बदलल्यावर ग्रंथपालाने काय करावे? वूकीपीडियाने जुनी पाने जाळली नाहीत आणि नव्या घोषणेकडे पाठही फिरविली नाही. एकाच पात्राची दोन पाने शेजारी ठेवली, एक अधिकृत, एक आख्यायिकांतील; वरच्या कळीने वाचक इकडून तिकडे जातो. कल्पित अंतराळवीरांविषयी एवढा विवेक दाखविणाऱ्या मुलांना कोणी ‘रिकामटेकडे’ म्हणू नये.

१७/
मराठी गडकोटांच्या कोशाला हीच रचना शोभेल. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, त्यांना पाहिलेल्या माणसाने लिहिली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. समकालीन पत्र, सभासद, चिटणीस, आणि गावात सांगितली जाणारी कथा या चौघांना एकाच परिच्छेदात ‘असे म्हणतात’ या शब्दांनी कोंबणे म्हणजे चौघांवरही अन्याय. लोककथा हाकलू नये. तिला तिचे घर द्यावे आणि दारावर तिचे नाव लिहावे. ते न केल्यास काय होते, ते एका लहानशा प्राण्याने दाखविले आहे.

१८/
दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा प्राणी आढळतो. २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर लिहिले की याला ‘ब्राझीलचा आर्डवार्क’ असेही म्हणतात. कोणी म्हणत नव्हते. पण विकिपीडियावरून ते नाव ब्रिटिश वृत्तपत्रांत गेले, तेथून पुस्तकात गेले, आणि मग विकिपीडियावर त्या नावाला आधार म्हणून वृत्तपत्राचाच संदर्भ लावण्यात आला. वर्तुळ पूर्ण झाले. आपल्याकडे गडांच्या माहितीफलकांपासून सहलींच्या पुस्तकांपर्यंत अशी किती वर्तुळे फिरत असतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

१९/
आता पहारेकऱ्याकडेच वळू. मराठी विकिपीडियावर त्याला ‘प्रचालक’ असा सुरेख शब्द आहे. प्रचालक पान कुलूपबंद करू शकतो, लेख वगळू शकतो, सदस्याला मज्जाव करू शकतो. हे अधिकार लागतातच. पण ते चुकीच्या हाती एकवटले तर काय घडते याचा धडा क्रोएशियन विकिपीडियाने दिला. तेथे प्रचालकांच्या एका लहान गटाने वर्षानुवर्षे ताबा ठेवला. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले गेले. यासेनोव्हाकच्या छळछावणीला ‘संकलन व श्रम छावणी’ म्हटले गेले.

२०/
विरोध करणाऱ्यांना ‘नियमभंग’ म्हणून हाकलण्यात आले. कौल घ्यावा तर बनावट खात्यांची मते. २०१३ मध्ये प्रकरण वृत्तपत्रांत गाजले, खुद्द देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा विकिपीडिया वापरू नका असे सांगितले. तरीही गटाची पकड सुटायला आणि मूळ संस्थेचा चौकशी अहवाल यायला २०२१ उजाडले. आठ वर्षांत शाळेतील एक संपूर्ण पिढी ते लेख वाचून बाहेर पडली. येथे उत्पात करणारेच पहारेकरी होते, आणि प्रत्येक कृती कागदोपत्री नियमानुसार होती.

२१/
म्हणून लहान मंडळींनी कोश काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : ज्या वादात प्रचालक स्वतः पक्षकार आहे त्यात त्याने कुलूप लावू नये, दुसऱ्याला बोलवावे. दुसरा नसेल तर वाद तसाच राहू द्यावा. प्रचालकपदाला मुदत असावी. ‘पण आमच्यात सगळे मित्रच आहेत’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मैत्री असते म्हणूनच नियम आधी लिहावा. भांडण झाल्यावर लिहिलेला नियम कोणातरी एकाविरुद्धच असतो.

२२/
लहान भाषांत धोका आणखी वेगळा. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर वीस हजारांहून अधिक लेख अमेरिकेतील एका किशोरवयीन मुलाने लिहिले होते. त्याला ती भाषा येतच नव्हती. शब्दकोशातून शब्द उचलून तो इंग्रजी वाक्यांत बसवी. २०२० मध्ये हे उघड झाले. त्याचा हेतू चांगला होता, असे मानावयास जागा आहे. लज्जा वाटावी तर ती इतकी वर्षे तो मजकूर न वाचणाऱ्या, किंवा वाचून गप्प बसणाऱ्या भाषिकांना वाटावी. लेखांची संख्या वाढविण्याची स्पर्धा मराठीतही लागते, सांगकामे लावून गावागावांची दोन ओळींची पाने निर्माण होतात. ज्या पानाकडे लक्ष ठेवणारा माणूस नाही ते पान नसलेले बरे.

२३/
दुसऱ्या टोकालाही तोल जातो. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर पोहोचली आणि मग घसरू लागली. संशोधकांनी कारण शोधले, तेव्हा एक गोष्ट पुढे आली : नवागतांचे चांगल्या हेतूने केलेले लेखनही पहाऱ्याची स्वयंचलित साधने धडाधड उलटवीत होती, तेही एका ठोकळेबाज सूचनेसह. मोडी नुकती शिकलेली मुलगी आपल्या घरच्या दप्तरातील एका कागदाचे वाचन देते आणि दहा सेकंदांत ते ‘संदर्भ नाही’ म्हणून नाहीसे होते. ती परत येत नाही. कागदही तिच्याच घरी राहतो. अशा वेळी लेखन धूळपाटीवर हलवून ‘कागदाचे छायाचित्र जोडता येईल का?’ एवढे विचारणे, यात प्रचालकाची सारी योग्यता दिसते.

२४/
राहिला घरमालकाचा प्रश्न. तो सर्वांत दुर्लक्षित. फुकट जागा देणाऱ्या व्यापारी सेवेवर कोश उभारणे सोपे असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या चाहत्यांचा मोठा गट २०१० मध्ये अशाच सेवेतून बाहेर पडला. ‘रूनस्केप’चा विकी २०१८ मध्ये, ‘माइनक्राफ्ट’चा २०२३ मध्ये. अशा स्थलांतरांमागे जाहिरातींचा भडिमार आणि मांडणीवर नसलेला ताबा या तक्रारी वारंवार दिसतात. ही मंडळी जाऊ शकली, कारण मजकूर मुक्त परवान्याखाली होता. श्रेय देऊन कोणालाही त्याची प्रत नेता येत होती. स्पॅनिश विकिपीडियावरील अनेक जण तर २००२ मध्येच, जाहिराती येणार या शंकेने, सारा मजकूर घेऊन सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाला गेले होते.

२५/
मात्र जाणाऱ्यांसोबत जुने घर जात नाही. परवाना दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे मूळ प्रत तेथेच राहते, आणि शोधयंत्रे कित्येकदा तीच वर दाखवितात. लिहिणारे नव्या पत्त्यावर आणि वाचणारे जुन्या, अशी स्थिती वर्षानुवर्षे टिकू शकते. म्हणून राजगडावरचा पहिला लेख लिहिण्यापूर्वी तीन गोष्टींची उत्तरे मुखपृष्ठावर असावीत : संकेतस्थळाचे नाव कोणाच्या मालकीचे आहे, मजकुराचा परवाना कोणता, आणि संपूर्ण कोशाची प्रत, प्रत्येक बदलाच्या इतिहासासह, दर आठवड्याला कोणकोणाच्या घरी उतरवून ठेवली जाते. त्या घरांची संख्या किमान तीन असावी, आणि त्यांपैकी एक तरी प्रचालकाशी न पटणाऱ्याचे.